पोर्ट्रेटसाठी फाइन आर्ट कागद: वर्षभर वापरल्यानंतर

वर्षभर घरच्या प्रिंटरवर मी जवळपास फक्त माणसांचे चेहरे छापतोय. त्यामुळे पक्षी किंवा निसर्गचित्रं छापणाऱ्यांना यातलं अर्धंच लागू पडेल. प्रिंटर एप्सनचा पी९००, शाई त्याचीच मूळची. फोटोतली माणसं घरातली, गावातली, पालखीच्या वाटेवरची. म्हणजे बहुतेक सावळी किंवा गव्हाळ. हे आधीच सांगतो, कारण या कागदांचे जे परदेशी रिव्ह्यू वाचायला मिळतात त्यांत नमुन्याचे चेहरे बहुधा गोरे असतात, आणि आपली अडचण वेगळी आहे.

गोऱ्या चेहऱ्यात जे काही घडतं ते उजळ छटांत घडतं. आपल्याकडच्या चेहऱ्याचा बराच भाग मधल्या आणि गडद छटांत असतो. त्यात काळेभोर केस, मिशा, डोळ्यांखालची सावली. तिथे कागद कमी पडला की गाल राखाडी, मलूल दिसायला लागतो. आकड्यात सांगायचं तर चांगल्या मॅट (बिनचमकीच्या) कागदावर काळ्याची घनता, म्हणजे काळा किती गडद उतरतो त्याचं माप, १.६ ते १.७ पर्यंत जाते. बरायटा (जुन्या डार्करूम कागदासारखं चमकदार) किंवा सॅटिन (हलक्या चमकीचं) कोटिंगवर ती २.३ च्या आसपास किंवा वर जाते. फरक किरकोळ वाटतो, पण हे माप लॉगरिदमिक आहे. १.६५ ला कागद अंगावर पडलेल्या उजेडाचा सव्वादोन टक्के परत फेकतो, २.३ ला अर्धा टक्का. म्हणजे चौपटीहून जास्त फरक, आणि तो सगळा केसांत आणि बुबुळांत दिसतो.

सुरुवात सगळे करतात तशी हानेम्युले या जर्मन कंपनीच्या फोटो रॅग ३०८ पासून केली. शंभर टक्के कॉटन, मॅट, पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत. हातात घेतल्यावर कौतुक वाटावं असाच कागद आहे. म्हाताऱ्या चेहऱ्यांना तो फार शोभतो, विशेषतः कृष्णधवलमध्ये. सुरकुत्या दिसतात पण ओरडत नाहीत, आणि कुठूनही बघा, चकाकी आड येत नाही. एका आजींचा नऊवारीतला फोटो यावर काढला; खिडकीच्या उजेडात पातळाचा पोत इतका खरा उतरला की पाहुणे बोट लावून बघतात (लावू देऊ नका, मॅट कोटिंगवर ओरखडा लगेच उठतो). रंगीत काढताना मात्र त्याच आजींचं कुंकू विटकरी झालं. मॅटवर गडद, भरलेला लाल मावत नाही. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर रंग कसे उतरतील याची स्क्रीनवरची झलक, लावलं की हे आधीच दिसतं. तिथे न मावणारे रंग कसे बसवायचे यासाठी परसेप्च्युअल हा पर्याय निवडून लाल थोडा सुधारतो, पण बरायटाची बरोबरी होत नाही.

हानेम्युलेचेच जर्मन एचिंग आणि विल्यम टर्नर हे पोताचे (खरबरीत) कागद. नमुन्याच्या पाकिटात सुंदर दिसतात. ए४ च्या पोर्ट्रेटवर मात्र कागदाचे उंचवटे थेट पापण्यांवर येतात आणि नजर चेहऱ्याऐवजी कागदाकडे जाते. मोठा प्रिंट आणि लांबून बघायचा असेल तरच घ्या. बांबू २९० सायीसारखा पिवळसर. जुन्या धाटणीच्या कृष्णधवल फोटोला छान, रंगीत गव्हाळ त्वचेवर मला जरा जास्तच उबदार वाटला.

माझा कौल कॅन्सन या फ्रेंच कंपनीच्या प्लॅटिन फायबर रॅगला. ३१० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, सॅटिन चमक, आणि त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, नाहीत. या शेवटच्या गोष्टीला मी वर्षापूर्वी फारशी किंमत दिली नसती. पोर्ट्रेटमधला शुभ्र रंग, म्हणजे वारकऱ्याची टोपी, धोतर, नथीतले मोती, तो शाईचा नसतो. तिथे शाई जवळपास पडतच नाही, उघडा कागदच दिसतो. ब्राइटनर असलेला कागद खिडकीतल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतो आणि अतिनील जवळजवळ नसलेल्या एलईडीखाली साधा दिसतो. एकच प्रिंट ओटीवर एक आणि आतल्या खोलीत दुसरा. टोपी निळसर झाली की शेजारचं कपाळही फिकुटलेलं वाटतं. शिवाय ब्राइटनर वर्षानुवर्षांत मंदावतात आणि कागद पिवळा पडतो. प्लॅटिनवर पांढरा किंचित उबदार आहे, पण सगळीकडे तोच राहतो.

हानेम्युलेचा फोटो रॅग बरायटा ३१५ यापेक्षा जास्त चकचकीत आहे. पैठणीच्या जरीला त्याची चमक मस्त लागू पडते, लग्नाच्या पोर्ट्रेटला तो घ्या. फक्त चकचकीत कागदावर, बाजूने बघितलं तर शाई न पडलेल्या जागेची चमक वेगळी दिसते. कपाळावरचा तेलकट उजेड हमखास उठून येतो. यावर सोपा उपाय: फोटो एडिटरच्या ० ते २५५ च्या मोजपट्टीवर अगदी २५५ पांढरा ठेवू नका, २५० वर आणा. थोडी शाई पडते आणि डाग लपतो.

मॅट कागदाला मॅट काळी शाई लागते, चमकदार कागदाला फोटो काळी. पी९०० मध्ये दोन्हींना वेगळी नोझल आहेत, म्हणून एकाच दुपारी दोन्ही जातींचे कागद वापरता येतात. एप्सनच्याच जुन्या ३८८० किंवा पी८०० वाल्यांची दर अदलाबदलीला शाई वाया जाते; त्यांनी एकच जात धरून ठेवावी.

कॉटन कागदाची कटकटही सांगतो. त्याला तंतू सुटतात. छापल्यावर एखादा तंतू गळला की त्याखाली पांढरा ठिपका उरतो, आणि तो पडतो तो नेमका बुबुळात. शीट घालण्याआधी मऊ, रुंद ब्रशने झाडून घ्यायचं, शीट तिरकी धरून. पावसाळ्यात आम्हा कोकणातल्यांचं दुखणं आणखी वेगळं: शीट दमट होते, कडा वर येतात आणि प्रिंटचं हेड त्यांना घासतं. पाकीट सिलिका जेलसकट बंद ठेवतो, लागेल तेवढीच शीट काढतो, कडा उलट्या बाजूने हलक्या वळवतो आणि सेटिंगमध्ये हेड व कागदातलं अंतर वाढवतो. आषाढात महागडी मोठी शीट मी घालतच नाही.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद का वापरत नाही, असं बरेच जण विचारतात. कागद देखणा आहे, पण त्यावर इंकजेटचं कोटिंग नाही. शाई तंतूंत जिरते, काळा राखाडी होतो, पापण्या एकमेकींत मिसळतात. कवितेच्या ओळी छापायला उत्तम, चेहऱ्याला नाही.

आणखी एक, हे कागद घेण्याआधीच ठरवायचं: प्रिंट काचेमागे जाणार आहे का? साध्या काचेमागे मॅटचा पोत जवळजवळ दिसेनासा होतो, वर काचेचं प्रतिबिंब येतं ते वेगळंच. मग एवढ्या महागड्या कॉटन मॅटचे पैसे निम्मे वाया. काच असेल तर मी सरळ प्लॅटिन घेतो; उघडा ठेवायचा किंवा अल्बममध्ये हाताळायचा असेल तरच फोटो रॅग. फ्रेमला देण्याआधी किमान एक दिवस प्रिंट वाळू द्या, आणि फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट बोर्ड स्वतः नेऊन द्या. आमच्याकडच्या एकाने पाठीमागे सेलोटेप चिकटवून ठेवली होती, ती काढताना कोपऱ्याचा थर सोलून निघाला.