जुना अॅम्प दुरुस्त करायचा का क्लास-डी बोर्ड घ्यायचा?

जुना ट्रान्सफॉर्मरवाला अॅम्प घुंऽऽ करत असन तं लगेच भंगारात नका टाकू भाऊ, गंज वेळा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेले असतात, डोकं फुगलेलं दिसलं की समजायचं, तेवढेच बदलले तरी तो १०० हर्ट्झचा हम जाते. व्हॉल्यूमची खरखर तं कॉन्टॅक्ट क्लीनरनंच जाते. पण आउटपुटचे ट्रान्झिस्टर (५२००-१९४३ ची जोडी, स्पीकरला ताकद देणारे) उडाले असन तं विचार करा, बाजारात डुप्लिकेट भरपूर.

दुसरं म्हणजे टीपीए ३११६ चिपचा क्लास-डी बोर्ड, म्हणजे स्विचिंगवर चालणारा छोटा तयार अॅम्प, अन लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला अडॅप्टर. आपल्या खेड्यात विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पार पडते, तवा जुन्याचा दम जाते, हा मात्र तसाच वाजते, कारण अडॅप्टर १०० ते २४० मधी कुठंही १९ च देते. फक्त २६ च्या वर व्होल्टेज द्यायचं नाही, अन दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा एकत्र जोडल्या तं बोर्ड गेला समजा. डब्यावर लिहिलेले वॅट? सोडा हो.

ट्रान्सफॉर्मर शाबूत असन तं मी जुनाच ठेवीन, पण व्होल्टेजची रोजचीच बोंब असन तं बोर्डच घ्या.