यूव्ही रामनसाठी ट्रिपल स्पेक्ट्रोमीटर: वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या लॅबमध्ये कार्बनच्या पातळ कोटिंगवर काम चालतं. त्यासाठी रामन तंत्र वापरतो: पदार्थावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाची तरंगलांबी किंचित सरकते, त्यावरून आतले बंध ओळखता येतात. ट्रिपल म्हणजे एकामागोमाग तीन टप्पे असलेला स्पेक्ट्रोमीटर. ५१४ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरने स्पेक्ट्रम घेतला की ग्रॅफाइटसारख्या एसपी-२ बंधांचाच सिग्नल इतका जबर येतो की हिऱ्यासारखे एसपी-३ बंध त्यात बुडून जातात. २४४ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) लेसरवर गेलं की १०६० वेव्हनंबरच्या (रामनमधलं सरकणं मोजायचं एकक, सेंटिमीटर⁻¹) आसपास टी पीक, म्हणजे एसपी-३ बंधांची खूण, डोकं वर काढतो. खरं तर त्या एका पीकसाठीच हे यंत्र घेतलं, आणि तो दिसतोही सुरेख.

घेणाऱ्याने आधी एक हिशोब करावा. एक वेव्हनंबर म्हणजे ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर ०.०६२ नॅनोमीटर, ५३२ वर ०.०२८, आणि २४४ वर जेमतेम ०.००६. त्यामुळे दृश्य प्रकाशात छान चालणारा आटोपशीर स्पेक्ट्रोमीटर इथे शेजारशेजारचे दोन पीक एकत्र करून टाकतो. लांब फोकल लेंग्थ आणि मिलिमीटरला ३६०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारा रेषांचा पृष्ठभाग), याला पर्याय नाही. ५३२ साठी मात्र ते ग्रेटिंग चालत नाही, १८०० चं वेगळं घ्यावंच लागतं. कोटेशनमध्ये दोन्ही आहेत का, बघून घ्या.

विक्रेते चौथ्या घाताचा नियम हमखास सांगतात, की तरंगलांबी घटली की विकिरण (प्रकाश विखुरणं) तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं: ५३२ च्या तुलनेत २४४ वर विकिरण सुमारे २२ पट. ते बरोबरच आहे, पण तीन ग्रेटिंगमधून प्रत्येकी निम्मा प्रकाश पुढे गेला असं धरलं तरी शेवटी एक अष्टमांशच उरतो, आरशांवरचा तोटा वेगळा. म्हणून रोजच्या कामाला आम्ही पहिले दोन टप्पे वगळतो आणि एज फिल्टर (लेसरचा मूळ प्रकाश अडवणारा) लावून फक्त शेवटचा टप्पा वापरतो. लेसर रेषेच्या अगदी जवळचे पीक हवे असतील तेव्हाच तिन्ही टप्पे. तिथे फिल्टर उपयोगाचा नाही आणि ट्रिपलची खरी ताकद तिथेच कळते.

पॉलिमरवाल्यांना तर हे यंत्र मनापासून सुचवेन. उत्तेजन २५० च्या खाली असलं की प्रतिदीप्ती (फ्लोरेसन्स, रामनला झाकून टाकणारी पदार्थाची स्वतःची चमक) सुरू व्हायच्या आत रामनचा पट्टा संपलेला असतो, बेसलाइन सपाट येते.

कॅलिब्रेशनला टेफ्लॉनचा तुकडा पुरतो, ७३२ चा पीक ठळक मिळतो. शिवाय वाटेतल्या हवेतला ऑक्सिजन १५५६ वर आणि नायट्रोजन २३३१ वर दिसतो. दुपारी एसी बंद पडला की हे दोन्ही पीक एकाच दिशेने सरकलेले दिसतात, मग सॅम्पलला दोष द्यायची गरज उरत नाही.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते लेसरला. २४४ मिळतो आर्गनच्या ४८८ ची वारंवारता दुप्पट करून, आणि त्यासाठीचा बीबीओ (बेरियम बोरेट) क्रिस्टल दमट हवा सोसत नाही. जून ते सप्टेंबर डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू ठेवा, क्रिस्टलच्या कप्प्यात कोरडा नायट्रोजन सोडा. सॅम्पलही एका जागी ठेवू नका: पॉवर कमी करा आणि फिरतं स्टेज पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा, नाहीतर कोटिंगवर जळका ठिपका पडतो आणि स्पेक्ट्रम येतो तो त्या ठिपक्याचा.