आर्गन वेल्डिंग: नऊ महिने वापरल्यावर

गणपतीच्या आठवडाभर आधी मशीन घरात आलं आणि आता पाऊस तोंडावर आलाय. कोपरखैरण्याला आमचं छोटं रो-हाऊस आहे. खालच्या पार्किंगमधून स्कूटर बाहेर काढली की माझं वर्कशॉप तयार. नोकरी हिशेबाची, वेल्डिंग हौसेचं, तेव्हा हे धंदेवाईकाचं मत समजू नका.

टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकातून विजेचा आर्क (ठिणगीची ज्योत) काढून, आर्गन गॅसच्या आडोशाला धातू वितळवून जोडणं. रबाळ्याच्या एमआयडीसीत टिग म्हणून कुणी ओळखत नाही, तिथे याला 'आर्गन' म्हणतात. तिथल्या एका गाळ्यातल्या मिस्त्रींकडे मी सहा शनिवार गेले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त टंगस्टनला टोक काढायला लावलं. "ताई, आडवं नाही, उभं घासा. रेघा टोकाकडे गेल्या पाहिजेत." आडव्या रेघा राहिल्या की आर्क एका जागी राहत नाही, इकडेतिकडे पळतो. नंतर भरणीचा रॉड न घेता नुसतं 2 मिलिमीटरच्या पत्र्यावर वितळलेल्या धातूचं डबकं पुढे सरकवायचं. टोक आणि पत्रा यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर. टोक डबक्यात बुडालं की वितळलेलं लोखंड त्याला चिकटतं आणि आर्क हिरवट, वेडावाकडा होतो. एका तासात मी अकरा वेळा बुडवलं. दर वेळी मिस्त्रींचं एकच वाक्य: "बुडवलंत. चला ग्राइंडरवर."

आता मशीनबद्दल. मी घेतलं ते 200 अँपिअरचं, फक्त डीसी, सिंगल फेज. दुकानदार अँपिअरवरच बोलत होता आणि मीही त्यालाच भुलले. प्रत्यक्षात 3 मिलिमीटरच्या वर मी काही जोडलंच नाही, त्यामुळे 110 च्या पुढे नॉब गेला नाही. 100 अँपिअरला आर्कवर साधारण 14 व्होल्ट असतात, म्हणजे दीड किलोवॅटच्या आतली कामगिरी. गीझरच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर मशीन निवांत चालतं, एमसीबी एकदाही पडला नाही. शेजारच्या आजींचा रेडिओ मात्र मी आर्क पेटवला की खरखरतो, कारण माझ्या मशीनला हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट आहे, म्हणजे टोक न टेकवता आर्क पेटतो. हा स्टार्ट घ्याच. पत्र्याला टेकवून आर्क काढायचा तर नवशिक्याचं टंगस्टन रोज खराब होणार.

चूक झाली ती सॉकेटची. माझ्या मशीनला करंट कमी-जास्त करायचं पायाचं पेडल जोडायची सोयच नाही, आणि शेवटी करंट आपोआप हळूहळू उतरवणारा डाऊन-स्लोपही नाही. म्हणजे टॉर्चचं बटण सोडलं की करंट धाडकन तुटतो. डबकं एकदम गोठतं आणि शेवटाला बारीक खड्डा पडतो, कधी त्यातूनच तडा जातो. माझ्या पहिल्या तुळशीच्या स्टँडला चार पाय आणि चार खड्डे आहेत. आता शेवटाला रॉडचा एक थेंब जास्त टाकते आणि आर्क थोडा मागे आणून सोडते. जमतं, पण मशीनने करायचं काम मी हाताने करतेय. दुकानात जाल तर अँपिअर नंतर विचारा, आधी मशीनवर पेडलचा सॉकेट दिसतोय का बघा.

एसी-डीसी घेतलं नाही याची चुटपुट नाही. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो 2000 अंशांच्या वर वितळतो, खालचा धातू मात्र 660 ला. एसीवर पापुद्रा फुटतो, डीसीवर मात्र तसाच राहतो आणि आतलं पाणी होऊन खाली ओघळतं. नऊ महिन्यांत शेजाऱ्यांनी तीन पातेली आणली, तिन्ही परत पाठवली. तेवढ्यासाठी कुणी दुप्पट पैसे घालत नाही.

खर्चाचा खरा वाघ गॅस. मी आधी दीड घनमीटरचा सिलिंडर घेतला, उचलायला सोपा म्हणून. मिनिटाला 8 लिटरने तो जेमतेम तीन तास पुरतो, आणि आर्क विझल्यावर टंगस्टन थंड होईपर्यंत सोडायचा गॅस वेगळाच. 7 घनमीटरचा चौदा तासांच्या पुढे जातो. त्यात एका रविवारी चहा प्यायला वर गेले, सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच, टॉर्चच्या सांध्यातून गळती. सोमवारी काटा शून्यावर. तेव्हापासून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहते. मशीनसोबत आलेला रेग्युलेटरही बदलला. काचेच्या नळीत गोटी तरंगणारा फ्लोमीटर बरा, प्रवाह डोळ्याला दिसतो.

मे महिन्यात पंखा लावता येत नाही हा जाच वेगळा. पंख्याने आर्गन उडून जातो आणि वेल्ड स्पंजासारखा सच्छिद्र होतो. पंखा नको म्हणून एकदा सैल गळ्याचा कुर्ता घालून बसले, दोन दिवसांनी गळ्याखालची कातडी सोलली. आर्कच्या अतिनील किरणांनी, उन्हाने भाजावी तशी. आता सुती शर्ट, बटणं वरपर्यंत.

लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असतं. त्याची धूळ घरात नको, म्हणून मी लँथनमचं निळ्या टोकाचं वापरते. पावसाळ्यात लोखंडी फिलर रॉड दोन्हीकडून झाकण लावलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवते. गेल्या सप्टेंबरात अर्ध्या किलोवर इथल्या हवेने तांबूस ठिपके आणले, ते वेल्डमध्येही उतरले.

स्टेनलेसची शिवण आता सोनेरी निघते. निळी-जांभळी चालते, राखाडी झाली की समजायचं हात रेंगाळला. मिस्त्रींना मोबाईलवर फोटो दाखवला. मोठा करून बघितला आणि म्हणाले, "पाठ दाखवा." पाठ काळी, साखरेसारखी खरबरीत होती. मागून गॅस दिलाच नव्हता.