अक्कलदाढ काढल्यानंतरचा आठवडा: राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचा अनुभव

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर आहे. लेथवर २२ वर्षं झाली. कुठलंही काम बघताना हत्यार कसं ठेवलंय, माप कसं घेतलंय याकडं माझं लक्ष आधी जातं. दातांच्या दवाखान्यातही मी तेच बघितलं. पण हे लिहायला बसलो ते दाढ काढल्यानंतरच्या आठवड्यासाठी. दाढ निघायला ४० मिनिटं लागली, ती जखम सांभाळायला सात दिवस. त्या सात दिवसांत दवाखाना माझ्या बरोबर होता.

आधी जुनी गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळंच या दवाखान्याची किंमत मला कळली. २०१८ साली उजवीकडची खालची अक्कलदाढ दुसऱ्या एका ठिकाणी काढली होती. दाढ निघाली, कापूस चावायला दिला, गोळ्यांची चिठ्ठी हातात आली आणि मी घरी. काय करायचं, काय नाही, कुणी सांगितलं नाही. तोंडात रक्ताची चव होती म्हणून त्याच संध्याकाळी मी खळखळून चुळा भरल्या. दुसऱ्या दिवशी चुना-तंबाखूचा बार लावला, फक्त दुसऱ्या गालात. तिसऱ्या रात्री जी कळ सुरू झाली ती कानात, कानशिलात, डोळ्याच्या मागं. तोंडाला घाण वास. गोळीचा काही उपयोग नाही. दोन रात्री बसून काढल्या. शेवटी एका वेगळ्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलीय, हाड उघडं पडलंय, याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्यांनी खड्डा धुतला, लवंगतेलाच्या औषधाची पट्टी आत बसवली. तासाभरात मी माणसात आलो.

त्यामुळं यंदा आषाढात डावीकडची दाढ दुखायला लागली तेव्हा मला धडकी भरली. हिरडी वर चढलेली, घास अडकायचा, तोंड पुरतं उघडायचं नाही. मेव्हण्यानं राजारामपुरीतला हा दवाखाना सांगितला.

डॉक्टरबाईंनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. दाढ आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला डोकं टेकवून. तिच्या मुळाच्या खाली एक अंधुक नळी दिसत होती. त्या म्हणाल्या, "काका, ही ओठाला जाणारी नस. आपण तिच्यापासून लांब राहणार. पण क्वचित कुणाचा ओठ काही आठवडे बधिर राहतो, फार थोड्यांचा त्याहून जास्त. हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे." संमतीचा कागद मराठीत होता, वाचायला वेळ दिला, मग सही घेतली.

शनिवारी संध्याकाळी ५ ची वेळ होती, आत घेतलं ५.५० ला. हत्यारांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. पाकिटावर एक पट्टी असते, हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या वाफेत तिचा रंग बदलतो. सिस्टरनी ती मी न विचारताच दाखवली. दाढ अख्खी ओढली नाही, मधून कापून दोन तुकड्यांत काढली. म्हणजे आजूबाजूचं हाड कमी कापावं लागतं. कापताना सलाईनची धार सतत चालू होती. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं की हाड तापलं तर मरतं आणि मग जखम भरत नाही. आमच्याकडं लेथवर गार ठेवणारं कूलंट बंद झालं की टूल आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, दोन्ही जळतात. तिथं माझा त्या हातांवर भरोसा बसला. दुखलं नाही, नुसता दाब कळत होता. तीन टाके पडले, काळ्या रेशमाचे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मला लगेच उठवलं नाही. गॉज चावून अर्धा तास तिथंच बसवलं, रक्त थांबलंय का बघितलं. मग डॉक्टरबाई स्टूल घेऊन समोर बसल्या आणि कागदावर खड्डा काढून दाखवला. "या खड्ड्यात रक्त साकळतं. ती गुठळी म्हणजे तुमची खपली समजा. तिच्याखाली नवं मांस येणार, नंतर काही महिन्यांनी हाड. ती निघाली की काय होतं, ते तुम्ही भोगलंय." म्हणून २४ तास चूळ नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, कारण ओढताना तोंडात जी पोकळी होते ती गुठळीला खेचते. माझ्यासारख्या माणसाला कारण सांगितलं की गोष्ट पटते. २०१८ ला हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

बरोबर एक पिशवी दिली: बर्फाची थैली, जादा गॉज, गोळ्या आणि मराठीत छापलेला कागद. घरी आल्यावर आई म्हणाली, "आरं, गरम कापडानं शेक की, सूज उतरंल." कागदावर स्पष्ट होतं, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फच, १५ मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढायचा. आईला वाचून दाखवलं, तिनं ऐकलं. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं. उशीवर जुना टॉवेल, कारण लाळ गुलाबी येत होती. ८.३० ला सिस्टरचा फोन. "रक्त ठिबकतंय का नुसती लाळ रंगलीय? भूल उतरायच्या आधी गोळी घेतली का? गाल, ओठ चावला जात नाही ना?" ओठ रात्री १० च्या सुमारास जागा झाला, तेव्हा मला बरं वाटलं.

रविवारी दवाखाना बंद. तरी ११ वाजता डॉक्टरबाईंचा स्वतःचा फोन आला. गाल शनिवारपेक्षा मोठा झाला होता, मी घाबरलो होतो. त्या म्हणाल्या, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: ताप आहे का, गिळता येतंय का, तोंडात किती बोटं मावतात. एक बोट मावत होतं. "रोज मोजा," म्हणाल्या. हे माप मला फार आवडलं. सातव्या दिवशी अडीच बोटं झाली, पंधराव्या दिवशी तीन. बरं होतंय की नाही हे माझं मलाच कळत होतं. काय झालं तर न थांबता फोन करायचा हेही सांगितलं: रक्त गॉज दाबूनही थांबलं नाही, ताप चढला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, किंवा कमी होत आलेली कळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटी वाढली तर.

रविवारी संध्याकाळपासून कोमट पाणी, ग्लासात अर्धा चमचा मीठ. खळखळ करायची नाही. घोट तोंडात धरायचा, मान डावीकडं-उजवीकडं कलवायची आणि बेसिनवर तोंड नुसतं उघडून पाणी पडू द्यायचं. दिवसातून चार-पाच वेळा, खाल्ल्यावर तर हमखास. सोमवारी आरशात जखमेवर पांढरट थर दिसला. पू झाला म्हणून बायकोनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाऊण तासात उत्तर आलं: हा पू नाही, भरणाऱ्या जखमेचा थर आहे, काडीनं किंवा बोटानं खरवडू नका. बायकोनं तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला.

कामाचं विचारलं तर डॉक्टरबाईंनी तीन दिवस साफ मनाई केली. वाकलं, जड उचललं की रक्ताचा दाब वाढतो आणि जखम पुन्हा वाहू शकते. लेथचा जड चक उचलणं हे माझं रोजचं काम. मालकांसाठी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, पैसे न घेता.

मंगळवारी आमच्या गल्लीचं टेंबलाईदेवीला आषाढातलं पाणी घालायचं होतं. पंचगंगेचं नवं पाणी, पी ढबाक वाद्यांचा आवाज, गल्लीत मटणाचे टोप चढलेले. दरवर्षी कळशा उचलायला मी पुढं असतो. यंदा कट्ट्यावर बसून बघितलं. पण उपाशी राहिलो नाही. वहिनीनं तांबडा रस्सा करायच्या आधीच माझ्यासाठी अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, काढून ठेवलं होतं, गाळून, कोमट करून. तीन दिवस नाचणीची थंड आंबील, मऊ दहीभात आणि केळ्यावर काढल्यावर ते वाटीभर अळणी मी सावकाश चमच्यानं प्यालो, अगदी जीव थंड झाला. मिसळ, भडंग, चिवडा यांना दोन आठवडे हात लावला नाही. तिखटापेक्षाही शेव-चुरमुऱ्याचे कण खड्ड्यात बसायची भीती जास्त.

सातव्या दिवशी टाके काढले, मुंगी चावावी एवढंच. त्या वेळी वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची पिचकारी दिली, खड्ड्यात अडकलेलं अन्न कोमट पाण्यानं हळू धुवायला. ही आधी वापरायची नाही, आठवड्यानंतरच. महिनाभर मी जेवण झालं की ती वापरली. वरून हिरडी आता मिळून आलीय.

खर्च ६,५०० रुपये, एक्स-रेचे ४०० वेगळे. नंतरच्या तीन फेऱ्यांचे पैसे नाहीत.

आता कमी काय आहे ते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दाढ काढून सुन्न तोंडानं तो जिना उतरताना बायकोनं दंड धरला होता. म्हाताऱ्या माणसांना तर त्रासच. संध्याकाळी खाली गाडी लावायला जागा मिळत नाही. वेळ पाळली जात नाही, माझ्या चारही फेऱ्यांत अर्धा तास तरी थांबलो. कागदावरचं अक्षर बारीक, आईला चष्मा लावूनही वाचता आलं नाही.

आणि कागदावर नुसतं "तंबाखू टाळा" असं लिहिलेलं. किती दिवस, ते नाही. मिश्रीचं नाव नाही. आपल्याकडं कितीतरी घरांत आई-आजी सकाळी मिश्री लावतात आणि ती तंबाखूत धरतच नाहीत. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणेल, मी कुठं तंबाखू खाते? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती बोटानं हिरडीवर घासायची. उघड्या जखमेला याहून वाईट काय असणार? मी हे टाके काढायच्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या फेरीला गेलो तर सिस्टर पेनानं प्रत्येक कागदावर लिहीत बसल्या होत्या: "तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट, विडी: कमीत कमी दोन आठवडे बंद. कायमची सुटली तर उत्तम." माझा बार त्या शनिवारपासून बंद आहे, आज ४१ वा दिवस.

येत्या सोमवारी आईला तिथं घेऊन चाललोय, तिची एक दाढ हलतेय. तिला बीपी आहे, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, रक्त पातळ करायची एखादी गोळी असेल तर ती मनानं बंद करू नका, असं दवाखान्यानं फोनवर आधीच सांगितलंय. जिना चढायला तिला वेळ लागेल, म्हणून अर्धा तास लवकर निघणार आहोत.