कलनपूर्व तयारीचा ऑनलाइन अभ्यासक्रम: बहुपदी उत्तम, परिमेय फलने अर्धीच

कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तयार केलेल्या या ऑनलाइन अभ्यासक्रमातील बहुपदी आणि परिमेय फलने (दोन बहुपदींच्या भागाकाराच्या रूपातील फलने) हा विभाग मी सर्व स्वाध्यायांसह पूर्ण केला. शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत व संश्लेषक भागाकार या बहुपदींच्या भागाकाराशी संबंधित बाबींची उजळणी थोडक्यात आटोपून शिक्षक लगेच आलेखांकडे वळतात आणि (क्ष − १)²(क्ष + २) या एकाच बहुपदीवर बराच वेळ थांबतात, हे मला विशेष आवडले. हा आलेख −२ पाशी क्ष-अक्षाला छेदून पलीकडे जातो, १ पाशी मात्र अक्षाला नुसता स्पर्श करून मागे वळतो. कारण वर्ग असलेल्या अवयवाचे चिन्ह १ च्या दोन्ही बाजूंना धनच राहते. ज्याने हा आलेख हाताने काढला आहे, त्याला ३क्ष² − ३ हा या बहुपदीचा विकलज (आलेखाचा चढ सांगणारे फलन) १ पाशी शून्य का होतो, हे पुढे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

परिमेय फलनांची सुरुवातही विचारपूर्वक केली आहे. (क्ष² − ४)/(क्ष − २) आणि (क्ष² + ४)/(क्ष − २) या दोन्ही फलनांना २ पाशी किंमत नाही. तरीही पहिल्याचा आलेख (२, ४) हा बिंदू वगळलेली सरळ रेषा आहे, तर दुसऱ्याला तेथे उभी अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या अधिकाधिक जवळ जात राहतो अशी रेषा) आहे. सीमेची (क्ष एखाद्या संख्येच्या जवळ जाताना फलन कोणत्या किमतीजवळ जाते याची) कल्पना तिचे नावही न घेता येथे मनात रुजते.

त्यानंतर मात्र पाठ घसरतो. आडव्या अनंतस्पर्शी रेषेसाठी अंश व छेद यांच्या कोटींची (सर्वांत मोठ्या घातांकांची) तुलना करणारे तीन नियम चौकटीत देऊन ते पाठ करण्यास सांगितले आहे. अंश आणि छेद या दोहोंना छेदातील सर्वांत मोठ्या घाताने भागून दाखवले असते, तर तिन्ही नियम विद्यार्थ्याला स्वतःच काढता आले असते. शिवाय आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच छेदत नाही, हे पाठातील सरसकट विधान चुकीचे आहे: उभ्या रेषेबाबत ते खरे असले, तरी क्ष/(क्ष² + १) चा आलेख आपल्या आडव्या अनंतस्पर्शी रेषेला आरंभबिंदूतच छेदतो. तिरक्या अनंतस्पर्शी रेषेला तर एकच उदाहरण मिळाले आहे.

बहुपदींसाठी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. परिमेय फलनांसाठी सोबत दुसरे पाठ्यपुस्तक ठेवावे, कारण येथील स्वाध्यायांना केवळ अंतिम उत्तरे दिली आहेत, पायऱ्या दिलेल्या नाहीत.