वाशीतला चायनीजचा क्लास, टवक्यासकट

ऑफिसमध्ये चायनाच्या सप्लायरशी बोलणं असतं म्हणून वाशीत मँडरिनचा वीकेंड क्लास लावला, तीन महिने झाले. सप्लायरच्या मेसेजमध्ये एक शब्द सारखा यायचा, छ्युए, मला वाटायचं माल खराब आहे म्हणतोय. मॅडमना विचारलं तर त्यांनी पँट्रीतला टवका उडालेला कप आणून समोर ठेवला, म्हणाल्या हा टवका म्हणजे 'छ्युए-खोउ', छ्युए म्हणजे काहीतरी कमी, आणि त्या अक्षराची डावी बाजूच मुळात मातीच्या भांड्याची आहे! डोक्यात लख्ख बसलं. म्हणजे तो बिचारा माल कमी भरतोय सांगत होता आणि मी रिप्लेसमेंट मागत होतो 😅 बिघडलेलं, नासलं ते 'ह्वाय', फाटलं-फुटलं ते 'फो', आणि 'त्सान' म्हणजे मोडून उरलेलं, अमावस्येआधीच्या कोरीलाही त्सान-युए म्हणतात, हे मला फार आवडलं. एसी मात्र दोन रविवार ह्वाय होता, नोट्सची झेरॉक्स पुसट, त्यात चार पानं छ्युए. फी जरा जास्तच आहे. पण मॅडमसाठी चार स्टार.