मांजरीच्या डोळ्यासाठी घरी 'डॉक्टर' बोलावताय? आधी हे वाचा

पर्शियन, सेमी पर्शियन मांजर पाळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, त्यातही डोंबिवली-कल्याण-ठाण्याकडच्या लोकांनी जरा नीट वाचा. घरी येऊन मांजरांचे डोळे "क्लीन करून" देणारा एक माणूस फिरतोय, इन्स्टावर पेज आहे, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा नंबर सारखा फॉरवर्ड होत असतो आणि बोलायला म्हणाल तर साखर. नाव टाकत नाहीये कारण तक्रार चालू आहे आणि माझा मावसभाऊ वकील आहे त्याने दम दिलाय. पण पद्धत सांगते, पद्धतीवरून ओळखाल.

आमची बर्फी सेमी पर्शियन, चपट्या तोंडाची. असल्या मांजरांच्या डोळ्यातून थोडं पाणी येतच असतं, नाक आत दबलेलं असल्यामुळे डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची जी बारीक नळी असते ती चेपलेली असते, मग पाणी तिकडे न जाता गालावर ओघळतं आणि सुकून तपकिरी खपली धरते. सकाळी ओल्या कापसाने पुसलं की काम झालं, वर्षानुवर्षं आई तेच करतेय. पण दिवाळीच्या आधी घराला रंग काढला, सामान इकडचं तिकडे, माणसांची ये-जा, बर्फी बिचारी दिवसभर पलंगाखाली, आणि त्यातच शिंका सुरू झाल्या नि उजव्या डोळ्याला पिवळी-हिरवट चिकट चिपडं यायला लागली. डोळा अर्धा मिटलेला, उजेडात आली की पूर्ण मिटायची. आमचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर. सल्ल्यांना काय तोटा, कोणी म्हणे गुलाबजल घाल, कोणी मध, खालच्या काकू तर काजळ म्हणाल्या. आणि ग्रुपवर कोणीतरी हा नंबर टाकला, "आमच्या सिम्बाला दोन दिवसात फरक पडला".

हा "दोन दिवसात फरक" लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

आला तो गळ्यात स्टेथोस्कोप, निळे ग्लोव्हज, हातात बॅग. बर्फीकडे जेमतेम बघितलं आणि म्हणाला "ताई, पर्शियनचं हे असंच असतं, काही टेन्शन नाही." मी जरा निवांत झाले तेवढ्यात पुढचं वाक्य, "फक्त नळी ब्लॉक आहे, आत्ता क्लीनिंग नाही केलं तर डोळा जाऊ शकतो." आधी धीर द्यायचा, मग लगेच भीती घालायची, मधे विचार करायला वेळ द्यायचाच नाही. व्हिजिटचे ८०० वेगळे, क्लीनिंगचं तीन सिटिंगचं पॅकेज ४५००, ड्रॉप्स ९५०, वर इम्युनिटीची पेस्ट १२००. पॅकेजचे पैसे आधी. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलतंच, कुठल्यातरी मोबाईल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणे "भावाचं अकाउंट आहे, माझं लिमिट संपलंय". बिल? "पॅकेज पूर्ण झालं की एकदमच देतो."

क्लीनिंग म्हणजे काय केलं तर सोफ्यावर बर्फीला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि इअरबड ओला करून डोळ्याच्या कोपऱ्यात फिरवला, त्याला तपकिरी लागलं ते आईला दाखवलं, "बघा मावशी नळीतून किती घाण निघाली". आई एवढी खूश की त्याला चहा आणि चकल्या. आता मला कळलंय की नळी खरोखर धुवायची असेल तर पापणीच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं त्यात अगदी बारीक कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची सुईसारखी नळी, घालून सलाईन सोडतात, आणि मांजर जागं असताना ते सहसा करूच देत नाही, गुंगी द्यावी लागते. इअरबडने निघते ती गालावरची खपली, जी आई रोज फुकटात काढत होती.

ड्रॉप्सची बाटली बघा कशी होती. पांढरी, पाच एमएलची असते तशी, लेबल नाही, नुसता चिकट गोंद राहिलेला, बोटाला लागत होता. झाकणाचं सील तोडलेलं. "हर्बल आहे ताई, बाहेरून मागवतो, इथे मिळत नाही." दिवसातून चार वेळा घालायचे.

आणि फरक पडला हो! खरंच पडला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्याचा लालपणा गेला, चिपडं कमी झाली. त्याचा मेसेज आला "ताई फोटो पाठवा ना, प्रोग्रेस बघायचाय", आम्ही कौतुकाने पाठवला, चांगला उजेडात काढून. दुसरं सिटिंगही झालं. फक्त एक गोष्ट खटकत होती, डोळा स्वच्छ दिसतोय पण ही अजून बारीक करूनच बघते, आणि हात लावायला गेलं की मान फिरवते. त्याला सांगितलं तर म्हणाला सवय लागलीय तिला, होईल. मग एका सकाळी बाहुलीच्या जरा खाली निळसर धुरकट ठिपका दिसला. काचेवर वाफ धरावी तसा.

त्या दिवशी सगळं सोडून ठाण्याला एका रीतसर व्हेटकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं तर "डोळ्यात काय काय घातलंय, बाटली आणलीय का?" मग एक नारिंगी रंगाची कागदाची पट्टी काढली, सलाईनच्या थेंबाने ओली करून डोळ्याला टेकवली, जास्तीचा रंग धुतला आणि खोलीतला दिवा घालवून निळा टॉर्च मारला. बर्फीच्या डोळ्यावर पोपटी हिरवी रेघ चमकली, तिला दोन फाटे फुटलेले आणि खालच्या बाजूला एक मोठा हिरवा डाग. फ्लुरोसीन म्हणतात त्या रंगाला, कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, त्याची वरची कातडी जिथे सोलवटलेली असते तिथेच तो धरतो. म्हणजे अल्सर, डोळ्यावरची जखम. एवढीशी टेस्ट, काही मिनिटांची, आणि आमच्या "स्पेशालिस्ट"ने सात हजारांवर घेऊनही ती केली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या शब्दात सांगते. मांजरांचा एक हर्पीस व्हायरस असतो, बहुतेकांना पिल्लू असतानाच लागतो आणि मग मज्जातंतूंमध्ये लपून जन्मभर राहतो. ताण आला की डोकं वर काढतो, घर बदललं, नवीन मांजर आणलं, बोर्डिंगला ठेवलं, किंवा आमच्यासारखा रंग काढला. माणसांना तो लागत नाही, दुसऱ्या मांजरांना लागतो. शिंका, चिपडं आणि असे फाटे फुटलेले अल्सर ही त्याची लक्षणं. आता अशा डोळ्यात स्टिरॉइड घातलं की सूज आणि लाली झटकन उतरते, बघणाऱ्याला वाटतं बरं झालं, पण आत जखम भरायची थांबते आणि व्हायरसला रान मोकळं मिळतं. अल्सर खोल जातो, वेळेत थांबवलं नाही तर डोळा फुटूसुद्धा शकतो. म्हणून आधी तो हिरवा रंग टाकून बघायचा आणि मगच स्टिरॉइडचा विचार करायचा, हे त्यांच्यात अगदी पहिलं शिकवतात म्हणाले.

पण आमचे ड्रॉप्स तर हर्बल होते ना! घरी येऊन बाटली उजेडात धरली. तळाजवळ लेबलचा एक पापुद्रा तसाच राहिला होता, त्यावर लाल उभ्या रेघेचा तुकडा आणि नावाची शेपटी, 'मेथासोन'. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवली, त्याने बाटलीचा आकार बघूनच मागच्या खणातून तशीच दुसरी काढून समोर ठेवली, लेबलासकट. माणसांचे ड्रॉप्स, अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन (म्हणजे तेच स्टिरॉइड) एकत्र, किंमत शंभरच्या आत. ती लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरू नका याची खूण, म्हणूनच लेबल सोलून काढलं होतं. आम्ही तेच ९५० ला घेतले. आणि ती इम्युनिटी पेस्ट म्हणजे लायसिन नावाचं अमिनो आम्ल निघालं. लायसिन पूर्वी चांगले डॉक्टरही द्यायचे म्हणे, नंतर अभ्यास झाले त्यात हर्पीसवर काही उपयोग दिसला नाही म्हणून बऱ्याच जणांनी बंद केलं, तर हा ते अजून बाराशेला खपवतोय.

त्याला फोन केला. आधी म्हणाला तुम्ही ड्रॉप्स वेळेवर घातले नसणार. मग म्हणाला मांजरीने पंजा मारला असेल. मी म्हटलं तुमचा रजिस्ट्रेशन नंबर द्या, तर "मी डॉक्टरांचा असिस्टंट आहे, डॉक्टर पुण्याला असतात". कोण डॉक्टर? फोन कट, नंतर ब्लॉक. आईने तिच्या फोनवरून लावला आणि एवढंच म्हणाली, "अहो, चकल्या खाल्ल्यात ना आमच्या?" तोही ब्लॉक. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

तर रजिस्ट्रेशनबद्दल. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्याप्रमाणे रजिस्टर झालेल्या व्हेटलाच प्रॅक्टिस करता येते. डिप्लोमावाल्यांना किरकोळ कामांची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं, पण तीही रजिस्टर्ड डॉक्टरच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात राज्य पशुवैद्यक परिषदेचा नंबर असतो, खरा डॉक्टर तो विचारल्यावर चिडत नाही, बहुतेकांच्या तर चिठ्ठीवरच छापलेला असतो. घरी येणारे सगळेच भोंदू असं मी म्हणत नाही, चांगले व्हेट होम व्हिजिट करतात. पण नंबर नाही, बिल नाही, क्यूआरवर तिसऱ्याचंच नाव आणि औषधाच्या बाटलीवर लेबल नाही, हे सगळं एका जागी दिसलं तर चहासुद्धा देऊ नका.

तक्रारीचं सांगायचं तर आधी १९३० ला लावला, ती सायबर फ्रॉडची हेल्पलाईन, तिथे नोंद झाली, पण पोलीस स्टेशनला म्हणाले तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, सर्व्हिस घेतलीत, हा ग्राहकाचा मामला दिसतो. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, ऑनलाईन करता येतो. पशुवैद्यक परिषदेलाही पत्र दिलंय. कामाला आलं ते एवढंच की बाटली फेकली नव्हती, चॅट डिलीट केले नव्हते आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवर स्पष्ट लिहून दिलं की अल्सर असताना स्टिरॉइड वापरलेलं दिसतं. तुमच्याकडे असं काही झालं तर डॉक्टरांकडून हे लिहून घ्याच, तोंडी बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही.

खर्चाच्या भीतीने लोक असल्या माणसांकडे जातात हे मला कळतं. मुंबईकडच्यांना परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, आपण बैलघोडा म्हणतो ते, १८८३ पासूनचं. लांब पडतं, गर्दी असते, पण सोफ्यावर इअरबड फिरवून घेण्यापेक्षा बरं. आणि नुसतं पातळ पाणी आणि तपकिरी खपली असेल, मांजर डोळा टक्क उघडा ठेवून खात-पीत-खेळत असेल तर घाबरू नका, उकळून गार केलेल्या पाण्यात नाहीतर साध्या सलाईनमध्ये कापूस बुडवून पुसा, दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे. पिवळं-हिरवं येतंय, डोळा मिटतेय, पंजाने चोळतेय किंवा बुबुळावर काही धुरकट दिसतंय तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, घरात पडलेले माणसांचे ड्रॉप्स अजिबात घालू नका, त्यात स्टिरॉइड आहे की नाही हे तुम्हाला बाटलीकडे बघून कळणार नाही.

बर्फीचा डोळा वाचला. स्टिरॉइड बंद, अँटिबायोटिक ड्रॉप्स, व्हायरससाठी पोटातून फॅमसायक्लोव्हिर, आणि गळ्यात तो भोंगा, ज्यातून ती आमच्याकडे खुनशी नजरेने बघायची. ठिपका बराच पुसट झालाय पण पांढुरका डाग राहिलाय, तो राहणार म्हणाले.

त्या माणसाने पेजचं नाव बदललंय, नवीन नावात 'आय केअर' आहे. वर पिन केलेल्या पोस्टमध्ये आधीचा-नंतरचा फोटो आहे, पांढरी मांजर, मागे आमचा हिरवा सोफा. नंतरचा म्हणून लावलाय तो आम्हीच पाठवलेला, उजेडात काढलेला. मी रिपोर्ट केलाय, अजून काढलेला नाही, तुम्हाला दिसला तर तुम्हीही करा.